ज्युलिओ रिबेरो : पोलीसप्रमुख म्हणून त्यांना कशावरून जोखायचं?

शिवडीकर (धागाकर्ता)

राज्याला नवे पोलीस महासंचालक मिळाले की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता रिबेरोंसारखे अधिकारी राहिले नाहीत." असेलही. पण रिबेरोंसारखे म्हणजे नेमके कसे, असं विचारलं की उत्तर "गोळीला गोळी" या, पंजाबातल्या अतिरेक्यांबाबत त्यांच्या नावाला चिकटलेल्या घोषणेवर येऊन थांबतं. साडेतीन दशकांची नोकरी आणि त्यानंतरचं जवळपास तेवढंच मोठं सार्वजनिक आयुष्य दोन शब्दांत गुंडाळणं मला पटत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

नव्या वाचकांसाठी आधी ओळख. ज्युलिओ फ्रान्सिस रिबेरो. कुटुंब मूळचं गोव्याचं, जन्म मुंबईचा, ५ मे १९२९. १९५३ साली भारतीय पोलीस सेवेत आले. १९८२ ते १९८५ मुंबईचे पोलीस आयुक्त. १९८५ या एकाच वर्षात केंद्रीय राखीव पोलीस दलाचं महासंचालकपद आणि गुजरातचं पोलीस महासंचालकपद. मार्च १९८६ मध्ये पंजाबचे पोलीस महासंचालक. १९८७ ला पद्मभूषण. पुढं पंजाबच्या राज्यपालांचे सल्लागार आणि मग रुमानियात भारताचे राजदूत.

आता मुद्दा. ज्या तीन जागांवर त्यांची खरी कसोटी लागली, त्या तिन्ही ठिकाणी गुन्हेगारांच्या आधी स्वतःच्या दलाशीच त्यांची गाठ पडली.

मुंबईत ते फेब्रुवारी १९८२ मध्ये आयुक्त झाले. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला होता, अडीच लाखांच्या घरात कामगार घरी बसले होते, लालबाग-परळमध्ये रोज बंदोबस्त. आणि बंदोबस्ताला उभा असलेला शिपाईही आतून धुमसत होता. १५ ऑगस्टला शिपायांनी काळ्या फिती लावल्या. १७ च्या रात्री पोलीस संघटनेच्या पुढाऱ्यांना अटक झाली आणि १८ ऑगस्टला शिपाई रस्त्यावर आले. लोकल अडवल्या, बस जाळल्या, संपातले गिरणी कामगारही त्यांच्यात मिसळले. शेवटी लष्कर बोलवावं लागलं. मुख्यमंत्री होते बाबासाहेब भोसले. संघटनेची मान्यता गेली, कित्येकजण बडतर्फ झाले. शहराचे पोलीसच रस्त्यावर उतरलेत आणि त्यांना आवरायला फौज आली आहे, असा दिवस किती आयुक्तांच्या वाट्याला आला असेल?

गुजरातमध्ये १९८५ साली राखीव जागांविरोधातलं आंदोलन हिंदू-मुस्लिम दंगलीत बदललं. एप्रिलमध्ये अहमदाबादेत पोलिसांमध्येच उद्रेक झाला आणि 'गुजरात समाचार'चं कार्यालय जळालं. त्या वर्षी अशा दलावर रिबेरोंना नेमलं गेलं.

पंजाबबद्दल तर काय सांगावं. दल राज्याचं, प्रमुख परराज्यातला, शीख नसलेला, पंजाबीही नसलेला. २९ एप्रिल १९८६ ला सुवर्णमंदिराच्या आवारातून खलिस्तानची घोषणा झाली आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो आत शिरले. हुकूम मुख्यमंत्री सुरजितसिंग बर्नालांचा, त्यापायी त्यांचा पक्षही फुटला. रिबेरोंना खुर्चीवर बसून जेमतेम महिना झाला होता. मग ३ ऑक्टोबर १९८६. जालंधरला पंजाब सशस्त्र पोलिसांच्या वसाहतीत, म्हणजे पोलिसांच्याच तटबंदीच्या आत, पोलिसांचा गणवेश घातलेल्या हल्लेखोरांनी त्यांच्यावर गोळीबार केला. ते आणि त्यांच्या पत्नी मेल्बा दोघेही जखमी झाले. ही टोळी ज्याची मानली जाते तो खलिस्तान कमांडो फोर्स या अतिरेकी संघटनेचा लाभसिंग स्वतः पूर्वी पंजाब पोलिसांत शिपाई होता. लोक त्याला 'सुखा सिपाही' म्हणायचे. फाटकातून आत येणाऱ्या खाकी कपड्यातला माणूस आपला की परका, हेच ज्या दलाला कळेनासं झालंय त्याचं नेतृत्व करायचं, ही गोष्ट मला चकमकींच्या आकड्यांपेक्षा जास्त विचार करायला लावते.

म्हणून माझं म्हणणं असं की प्रमुखाला जोखायचं ते तो दल कुठल्या अवस्थेत घेतो आणि कुठल्या अवस्थेत सोडतो यावरून. यावर तुमचं मत हवं आहे, असहमती असली तरी सविस्तर लिहा.

---

वरळीची_लेक

धाग्याबद्दल आभार. १९८२ बद्दल बोललं जातं तेव्हा बहुतेकदा अधिकाऱ्यांच्या बाजूनं बोललं जातं, म्हणून लिहिते.

आम्ही वरळीच्या बी.डी.डी. चाळीत पोलिसांच्या खोल्यांमध्ये राहायचो. वडील हवालदार. एक खोली, बाहेर सामाईक संडास, आणि घरात सहा माणसं. वडिलांची ड्युटी सुरू कधी व्हायची ते माहीत असायचं, संपायची कधी ते आईलाही सांगता यायचं नाही. गणपती, निवडणूक, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा, सगळं त्याच माणसाच्या डोक्यावर. आणि त्याच्या जोडीला ऑर्डरली. एका साहेबांच्या बंगल्यावर वडिलांचे एक मित्र होते. साहेबांची मुलं शाळेत सोडणं, बाईसाहेबांची भाजी आणणं, कुत्र्याला फिरवणं. गणवेशाची इस्त्री मोडू नये म्हणून ते काका तिकडं जाऊन साधे कपडे घालायचे आणि परत येताना पुन्हा गणवेश चढवायचे. आम्हा मुलांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मोठ्यांना मात्र ते फार लागायचं.

१५ ऑगस्टच्या आदल्या रात्री आईनं तिच्या जुन्या छत्रीचं कापड कापून फिती केल्या होत्या. शेजारच्या तिन्ही खोल्यांना त्याच कापडातून पुरवल्या. टाचण्या कमी पडल्या म्हणून दोन-तीन फिती तिनं बाहीला टाक्यानं टाचल्या, मोठे टाके, म्हणजे लगेच उसवता याव्यात.

१८ तारखेला चाळीत पुरुष माणूस दिसत नव्हता. बायका गॅलरीत उभ्या. ट्रक गेला की सगळ्या खाली वाकून बघायच्या, त्यात आपलं कोण आहे का.

शिवडीकर, तुमचा निकष मला मान्य आहे, पण तो १९८२ ला लावायचा तर पुरता लावा. जाळपोळ झाली ते वाईटच झालं, वडीलही तेच म्हणायचे. रिबेरोसाहेबांबद्दल त्यांच्या तोंडून कधी वेडावाकडा शब्द आला नाही, साहेब स्वच्छ माणूस आहे असंच म्हणायचे. पण संघटना गेली आणि शिपायाचं म्हणणं वरपर्यंत पोचवणारं तोंडच गेलं. मागण्या काय होत्या? कामाचे तास, घर, साप्ताहिक सुट्टी, ऑर्डरली बंद. दल शांत झालं हे खरं. त्याचं दुखणं बरं झालं का, हेही विचारायला हवं.

---

निशिगंध

वरळीची_लेक, प्रतिसाद फार महत्त्वाचा आहे. कायद्याची बाजू मी जोडते.

पोलिसांच्या संघटनेवर १९६६ चा केंद्राचा कायदा आहे. परवानगीशिवाय शिपायाला संघटना करता येत नाही. म्हणजे सरकारनं दिली तर मान्यता, काढली तर गेली. पण शिपायांच्या मागण्या काही हवेतून आलेल्या नव्हत्या. धर्मवीर आयोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पोलीस आयोगाचा पहिलाच अहवाल १९७९ मध्ये आला, आणि त्याची सुरुवातच शिपायांच्या हालअपेष्टांपासून आहे. ऑर्डरली पद्धत मोडीत काढा, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. तीन वर्षं तो अहवाल सरकारदरबारी होता. १९८२ चा ऑगस्ट टाळता आला असता का, हा प्रश्न आयुक्तांच्या आधी सरकारला विचारायला हवा. आयुक्ताच्या हातात घरं बांधणं नसतं, पगार वाढवणं नसतं. बंगल्यावर शिपाई राबवायचे की नाहीत, एवढं मात्र अधिकाऱ्यांच्या हातात नक्की असतं.

---

कॅम्पातला

पंजाबचा विषय महाराष्ट्रापासून लांब नव्हता, हे नव्या पिढीला सांगायला हवं. १० ऑगस्ट १९८६ ला आमच्या पुण्यात, कॅम्पात, जनरल अरुणकुमार वैद्यांची हत्या झाली. ब्लू स्टारच्या, म्हणजे १९८४ मधल्या सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईच्या वेळी ते लष्करप्रमुख होते. निवृत्त होऊन पुण्यात राहायला आले होते, बाजारातून गाडी चालवत घरी निघाले होते, मोटरसायकलवरून आलेल्यांनी गाठलं. सुखा (वरचा 'सुखा सिपाही' नव्हे) आणि जिंदा या दोघांना त्याबद्दल पुढं फाशीची शिक्षा झाली आणि ९ ऑक्टोबर १९९२ ला येरवड्यात ती अमलात आली.

तारखा जुळवून बघा. ऑगस्टमध्ये पुण्यात वैद्य, ऑक्टोबरमध्ये जालंधरला रिबेरो. पहिल्या बातमीनंतर कॅम्पातल्या शीख दुकानदारांकडं लोक कसं बघत होते ते मला आठवतं. ८४ च्या दिल्लीतल्या शीखविरोधी दंगलीची आठवण ताजी होती. माझे वडील मुद्दाम त्यांच्या ओळखीच्या सरदारजींच्या दुकानात गेले, गरज नसताना सुटे भाग घेऊन आले. त्या दिवसांत "पंजाबात आपला मुंबईचा माणूस आहे" हे वाक्य पुण्यात सर्रास ऐकू यायचं, आणि त्याचा लोकांना आधार वाटायचा.

---

विटेकर

आमच्याकडची बाजू लिहितो. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी भागातली माणसं दुष्काळापायी घरदार सोडून गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली हे बऱ्याच जणांना माहीत असेल. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. भट्टी, मूस आणि ॲसिडचा वास, एवढ्यावर संसार. माझे चुलते अमृतसरला होते, गुरू बाजारात. सुवर्णमंदिरापासून चालत जाण्याइतकं अंतर.

८६-८७ मधलं ते सांगायचे. संध्याकाळ झाली की बाजाराची शटरं धडाधड खाली. रात्रीच्या बसनं कुणी जायचं नाही. जुलै ८७ मध्ये लालडूजवळ बस अडवून ३८ प्रवासी मारले, त्यानंतर गावाकडून आजीचं पत्र गेलं, "भट्टी मोडा आणि या." चुलते आले नाहीत. धंदा होता, उधारी अडकली होती, आणि शेजारी चांगले होते. खालच्या मजल्यावरच्या सरदारजींनी त्यांना सांगून ठेवलं होतं, काही झालं तर मागच्या जिन्यानं आमच्या घरात यायचं, विचारायचं नाही.

पोलिसांबद्दल चुलत्यांची एक आठवण आहे. त्यांच्या बाजारातला बीटचा हवालदार जवळच्या खेड्यातला होता. सुट्टीला गावी जाताना तो चुलत्यांच्या दुकानात येऊन गणवेश बदलायचा आणि पिशवी तिथंच ठेवून साध्या कपड्यांत एसटीला, म्हणजे तिकडच्या रोडवेजला, बसायचा. गणवेशात गावात पाय ठेवायची त्याची हिंमत नव्हती, घरी बायकापोरं होती. शिवडीकर म्हणतात ती दलाची अवस्था ती हीच. अशा हवालदाराला चंदीगडहून कितीही कडक हुकूम आला तरी तो काय करणार?

---

तटस्थ

चर्चा चांगली चालली आहे, पण थोडं कटू लिहितो.

शिवडीकरांनी आकडे बाजूला ठेवले, मी पुढं आणतो. पंजाबात १९८६ मध्ये मारल्या गेलेल्या सामान्य नागरिकांची संख्या पाचशेच्या आसपास, १९८७ मध्ये नऊशेच्या वर, १९८८ मध्ये एकोणीसशेच्या वर. म्हणजे रिबेरोंच्या काळात हिंसा वाढली. ती १९९१ मध्ये अडीच हजारांपुढं गेली आणि १९९३ मध्ये पन्नासच्या आत आली, तेव्हा के. पी. एस. गिल प्रमुख होते. "दल कुठल्या अवस्थेत सोडलं" असा निकष असेल तर हे आकडे टाळता येणार नाहीत.

दुसरं, आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. पुढच्या यशाची किंमत काय होती? मानवाधिकार कार्यकर्ते जसवंतसिंग खालडा अमृतसर जिल्ह्यातल्या स्मशानांच्या नोंदी घेऊन बेवारस म्हणून जाळलेल्या मृतदेहांचा माग काढत होते. सप्टेंबर १९९५ मध्ये त्यांचंच अपहरण झालं, त्यांना मारण्यात आलं, आणि त्याबद्दल २००५ मध्ये पोलिसांना शिक्षा झाली. सी.बी.आय.च्या तपासात तीन स्मशानांतले २,०९७ अंत्यसंस्कार समोर आले. हे बव्हंशी रिबेरोंच्या नंतरचं आहे, ते मान्य. पण खोट्या चकमकींचे आरोप त्यांच्या काळातही झाले होते. "गोळीला गोळी" ही घोषणा वरून खाली झिरपताना ठाण्यातला फौजदार तिचा अर्थ काय घेईल, याची जबाबदारी प्रमुखाचीच असते.

---

रावी

तटस्थ, आकडे बरोबर आहेत. मी लग्नानंतर चंदीगडला आले, तीस वर्षांहून जास्त काळ इथंच आहे. सासरची माणसं तरनतारन भागातली. म्हणून दोन गोष्टी.

पहिली, त्या घोषणेबद्दल. रिबेरोंनी स्वतः सांगितलंय की ते शब्द त्यांचे नव्हेत, तेव्हाचे केंद्रातले मंत्री अरुण नेहरूंनी ते वापरले आणि त्यांना चिकटले. त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं मांडलेलं म्हणणं उलट आहे. जाट शीख शेतकरी सरकारच्या बाजूला वळेपर्यंत दहशतवाद संपणार नाही, आणि तो बंदुकीनं वळत नाही, असं ते म्हणत आले. माझे सासरे हा माणूस वाचून मान डोलवायचे. त्यांच्या गावात रात्री अतिरेकी जेवायला मागायचे आणि दिवसा पोलीस विचारायला यायचे की जेवण का दिलंत. शेतकरी दोघांच्या मध्ये भरडला. जो अधिकारी हे ओळखतो त्याच्याबद्दल गावात बोलणं वेगळं असायचं.

दुसरी, आकड्यांबद्दल. हिंसेचा आलेख प्रमुखाच्या एकट्याच्या हातात नव्हता. पंतप्रधान राजीव गांधी आणि अकाली नेते लोंगोवाल यांच्यातला करार जुलै १९८५ मध्ये झाला, महिन्याभरात लोंगोवालांची हत्या झाली. २६ जानेवारी १९८६ ला चंदीगड पंजाबला मिळायचं होतं, ते मिळालं नाही. मे १९८७ मध्ये निवडून आलेलं बर्नाला सरकार बरखास्त झालं. लोकांनी मत देऊन निवडलेलं सरकार गेलं की मधल्या रेषेवरचा माणूस कुठं जाणार? राजकारणानं उघडलेली दारं पोलीस महासंचालक बंद करू शकत नाही.

पण झिरपण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला खोडता येत नाही. इथं अशी घरं आहेत जिथला मुलगा एका सकाळी ठाण्यात नेला आणि परत आला नाही. ती माणसं कुठल्या प्रमुखाच्या काळात काय झालं याचा हिशेब ठेवत नाहीत. त्यांच्यासाठी पोलीस एकच.

---

मांडवी

गोव्याहून +१. आमच्याकडं अजूनही रिबेरोंचं नाव निघालं की वडीलधारी मंडळी ताठ बसतात. २० ऑगस्ट १९९१ ला बुखारेस्टमध्ये, राजदूत असताना, त्यांच्यावर पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते जखमी झाले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये दिल्लीत खलिस्तानवाद्यांनी रुमानियाच्या लिव्हिऊ राडू या राजनैतिक अधिकाऱ्याचं अपहरण केलं, नोव्हेंबरअखेर त्यांची सुटका झाली. पंजाब सोडून इतका काळ लोटला, हजारो मैलांवर गेले, तरी पाठलाग संपला नाही. घरच्यांनी काय सोसलं असेल, विशेषतः मेल्बाबाईंनी, याचा विचार आपण फार कमी करतो.

---

शिवडीकर

सगळ्यांचे आभार. एकेक घेतो.

तटस्थ, आकडे मी लपवले नाहीत, पण त्यांनी प्रमुखाचं मोजमाप होतं हे मला अजूनही मान्य नाही. १९९३ चा आकडा चांगला म्हणून १९९३ चा प्रमुख चांगला असं म्हटलं, तर २,०९७ देह त्या हिशेबात कुठं बसवायचे? तुम्हीच दिलेली माहिती तुमच्या पहिल्या मुद्द्याला छेद देते. झिरपण्याची जबाबदारी मात्र प्रमुखाची, हे शंभर टक्के मान्य. घोषणा दुसऱ्याची असली तरी दलात ती कुणाची म्हणून ऐकली जाते, हे प्रमुखाला कळायला हवं आणि त्यानं ती जाहीरपणे खोडायला हवी. आणि खोडायची ती खुर्चीवर असतानाच.

वरळीची_लेक, तुमच्या आईच्या टाक्यांचं वाचून बराच वेळ पुढं वाचता आलं नाही. लगेच उसवता यावेत असे टाके. शिस्तीत वाढलेल्या माणसांचं बंड होतं ते. तुमचा प्रश्न मी निकषात घेतो : दल शांत करणं वेगळं आणि दल बरं करणं वेगळं. पहिलं रिबेरोंनी तिन्ही ठिकाणी बऱ्याच अंशी केलं. दुसरं करायला त्यांना मुंबईत तीनेक वर्षं मिळाली, गुजरातमध्ये महिने, पंजाबात दोन वर्षं. इतक्या वेळात कुणाला काय जमेल? म्हणूनच मला त्यांच्या निवृत्तीनंतरच्या कामाबद्दल बोलायचं आहे. कुणाला माहिती असेल तर लिहा.

---

दादर_पश्चिम

९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईत मोहल्ला एकता समित्या उभ्या राहिल्या त्यात रिबेरो होते. पोलीस आयुक्त सतीश साहनी, सुशोभा बर्वे, एफ. टी. खोराकीवाला ही नावंही त्यात घ्यायला हवीत. त्याआधी भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचा प्रयोग केलेला होता. १९८४ ला होरपळलेली भिवंडी ९२ मध्ये शांत राहिली ती त्याच जोरावर.

मी माहीम-धारावीकडच्या काही बैठका पाहिल्या आहेत. शाळेचा वर्ग, लहान मुलांची बाकं, त्यावर अवघडून बसलेले वस्तीतले हिंदू-मुसलमान पुरुष, मागं भिंतीला टेकून बायका, आणि समोर स्थानिक ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक. सुरुवातीला दंगलीबद्दल कुणी बोलायचंच नाही. गटार तुंबलंय, नळाला पाणी नाही, रात्री पोरं टाकीपाशी बसतात, असलंच सगळं. रिबेरो तेही ऐकून घ्यायचे. मग हळूहळू एखादी बाई बोलायची की त्या रात्री आम्ही ठाण्यात आलो तेव्हा आम्हाला हाकललं होतं. निरीक्षक गोरेमोरे व्हायचे. पण बसून राहायचे, कारण समोर माजी आयुक्त बसलेला असायचा. पुढं वस्त्यांच्या संघांत क्रिकेटचे सामने सुरू झाले, पोलिसांचाही संघ असायचा.

एखाद्या निवृत्त महासंचालकाला सुरक्षा कंपनीचं संचालकपद सहज मिळतं. हे गृहस्थ गटाराच्या तक्रारी ऐकत बसले.

---

निशिगंध

आणि ज्या गोष्टीचा उल्लेख कुणीच करत नाही ती मी सांगते. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाशसिंग यांनी १९९६ मध्ये पोलीस सुधारणांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्या प्रकरणात १९९८ मध्ये सरकारनं एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष ज्युलिओ रिबेरो. ऑक्टोबर १९९८ आणि मार्च १९९९ असे दोन अहवाल. बदल्या-बढत्यांसाठी प्रत्येक राज्यात पोलीस आस्थापना मंडळ असावं, जिल्ह्याला तक्रार प्राधिकरण असावं, असे मुद्दे त्यात होते. २२ सप्टेंबर २००६ च्या निकालात न्यायालयानं जे आदेश दिले त्यात यातल्या कल्पना ओळखू येतात. महासंचालकाला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, नेमणूक केंद्रीय लोकसेवा आयोगानं काढलेल्या तीन नावांतून, आस्थापना मंडळ, तक्रार प्राधिकरण.

महाराष्ट्रानं १९५१ च्या पोलीस कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती केली आणि यातलं बरंच काही कागदावर आणलं. तरी मुदतवाढ, अतिरिक्त कार्यभार, मधेच बदली यांच्या बातम्या आपण वाचतोच. शिवडीकर, तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. ज्या प्रमुखाला आपण किती दिवस आहोत हेच माहीत नाही, तो शिपायाच्या घराचा प्रश्न हातात का घेईल? तो तीन महिन्यांचा बंदोबस्त बघेल. रिबेरोंनी स्वतः १९८५-८६ मध्ये वर्षाला एक राज्य या वेगानं नोकरी केली होती. त्यांच्या समितीनं बदल्यांवर बोट ठेवलं यात मला त्यांचा अनुभव दिसतो.

---

तटस्थ

समितीबद्दल माहीत नव्हतं, धन्यवाद. तक्रार प्राधिकरण हा माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोठा मुद्दा. रावी यांनी लिहिलेल्या घरांना तेव्हा जायला जागा असती तर? प्राधिकरणाला नुसत्या शिफारशीचे नव्हे, बंधनकारक अधिकार हवेत, यावर स्वतंत्र धागा निघाला पाहिजे.

---

विटेकर

चुलत्यांना आज फोन करून हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, त्या हवालदाराची पिशवी एकदा महिनाभर दुकानात पडून होती, आम्हाला वाटलं गेला. मग एक दिवस आला. पुढं बढती मिळून निवृत्त झाला म्हणे. चुलत्यांच्या मुलीच्या लग्नाला विट्याला सहकुटुंब येऊन गेला.

---

वरळीची_लेक

विटेकर, वाचून फार बरं वाटलं.

निशिगंध यांच्या मुद्द्याला धरून एक जोडते. माझा भाऊ वडिलांच्या मागोमाग खात्यात लागला. २०१६ मध्ये दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. तो आराखडा एका शिपायानंच तयार केला होता, आणि आयुक्तांनी तो बसून समजून घेतला, एका ठाण्यात चालवून बघितला, मग इतर ठाण्यांत नेला. पडसलगीकर नंतर राज्याचे महासंचालक झाले. १९८२ च्या मागण्यांतल्या पहिल्या मागणीला ३४ वर्षं लागली. सगळीकडं ती नीट पाळली जाते असं नाही, मनुष्यबळ कमी पडलं की पुन्हा बारा तास होतात. पण आठ तास करून घरी येणारा हवालदार कसा दिसतो ते माझ्या वहिनीनं पाहिलंय. आईला ते बघायला मिळालं नाही.

शिवडीकर, तुम्ही रिबेरोंवर धागा काढलात तसा या देवनारच्या प्रयोगावरही काढा. भावाला लिहायला सांगते, त्याच्याकडं त्या वेळचे ड्युटीचे तक्ते अजून आहेत.